विजेचा कोलाहल आणि त्याचा बंदोबस्त

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्याच्या अंगानें सावेडी हें उपनगर पसरलेलें आहे. गुलमोहर रस्ता, पाईपलाईन रस्ता किंवा प्रोफेसर कॉलनी या भागांतील एखाद्या घरीं दिवेलागणीच्या वेळीं बॅटरीवर चालणारा मध्यम लहरींचा जुना रेडिओ लावलेला असावा, दूरच्या केंद्रावरील गायन रंगांत आलेलें असावें, आणि इतक्यांत शेजारच्या खोलींत कोणी एखादा स्वस्त एल.ई.डी. दिवा लावावा. खोली उजळते, परंतु त्याच क्षणीं गायनावर खरखरीचा दाट पडदा पडतो. दिवा मालवला कीं सूर पुन्हां मोकळे होतात. दिवा भिंतीच्या पलीकडे, रेडिओला घरांतील विजेची तार जोडलेली नाहीं. मग या दोहोंत भांडण लागलें कोठून? या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत आजच्या विद्युत्-विद्येचा एक मोठा, पण सर्वसामान्य माणसास फारसा परिचित नसलेला अध्याय सांठलेला आहे. सर्किट बोर्डांतून बाहेर पडणारा विजेचा कोलाहल मोजावा कसा आणि आवरावा कसा, हा तो अध्याय होय.

प्रथम कोलाहल या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. कानाला ऐकूं येणारा गोंगाट हवेच्या लहरींतून येतो. विजेचा कोलाहल हवेवर अवलंबून नसतो. तारेंतून वाहणारा विद्युत्प्रवाह स्थिर असेल तोंवर त्याचा दूरवर परिणाम होत नाहीं. तो कमीजास्त होऊं लागला कीं त्याच्याभोंवतीं विद्युच्चुंबकीय लहरी उठतात आणि प्रकाशाच्या वेगानें सर्व दिशांना जातात. हाच व्यापार हेतुपुरस्सर घडवून आणला म्हणजे त्याला प्रक्षेपण म्हणतात. नको असतांना घडला म्हणजे त्याला कोलाहल म्हणतात. निसर्गाच्या दृष्टीनें दोहोंत कांहीं भेद नाहीं. आकाशवाणीच्या मनोऱ्यावरील अँटेना ज्या नियमानें बोलते, त्याच नियमानें घरांतील दिव्याच्या बुडाशीं असलेली रुपयाएवढी पाटीहि बोलत असते. एकीला परवाना आहे, दुसरीला नाहीं, इतकेंच.

हा प्रश्न आजचा नाहीं. बिनतारी संदेशांचा आरंभच मुळीं ठिणगीनें झाला, आणि मोटारगाडीच्या इंजिनांत पेट्रोल पेटवावयाची ठिणगी हीहि ठिणगीच. तेव्हां रेडिओ घरोघरीं येऊं लागतांच रस्त्यानें जाणाऱ्या मोटारी, ट्रामगाड्या आणि विजेच्या मोटरी यांच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या, यांत नवल नव्हतें. प्रत्येक देशानें आपापलें मोजमाप ठरविलें असतें तर व्यापार आणि नभोवाणी दोन्ही अडचणींत आलीं असतीं. म्हणून १९३४ सालीं पॅरिस येथें रेडिओतील व्यत्ययाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय खास समितीची पहिली बैठक भरली. सिस्पर या तिच्या फ्रेंच आद्याक्षरांच्या नांवानें ती आजहि ओळखली जाते, आणि जगांतील बहुतेक देशांचे या विषयावरील नियम तिच्याच मानकांवरून बेतलेले आहेत. त्याच सुमारास अमेरिकेंत कार्ल जान्स्की नांवाचा एक तरुण अभियंता दूरध्वनींत येणाऱ्या खरखरीचा उगम शोधीत होता. गडगडाटी वादळांची खरखर वजा केल्यावरहि एक बारीक सुस्कारा शिल्लक राही, आणि तो आकाशगंगेच्या मध्याकडून येतो असें त्यानें १९३३ सालीं जाहीर केलें. कोलाहल निष्ठेनें मोजतां मोजतां एका माणसाच्या हातीं रेडिओ-खगोलशास्त्र हें नवें शास्त्र लागलें.

ठिणगीचे दिवस मागें पडले, पण कोलाहल कमी झाला नाहीं. उलट तो घराच्या आंत शिरला. जुन्या काळचा दिवा म्हणजे तापलेली तार. तिच्यांत प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांच्या संथ लयीनें वाहत असे, आणि अशा लयीचा उपसर्ग रेडिओपर्यंत पोंचत नसे. एल.ई.डी. दिव्याला मात्र एकाच दिशेचा, थोड्या दाबाचा प्रवाह लागतो. २३० व्होल्टांच्या घरगुती विजेंतून तो काढण्यासाठीं दिव्याच्या पोटांतील ट्रान्झिस्टर वीज सेकंदाला हजारों वेळां चालू आणि बंद करतो. भ्रमणध्वनीचा चार्जर, संगणकाचा वीजपुरवठा, इन्व्हर्टर, पंख्याचा नवा नियंत्रक या सर्वांची रीत हीच. या रीतीनें वीज वांचते, उपकरण हलकें होतें आणि तापत नाहीं. म्हणून तिला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु चालू-बंद करण्याची ही क्रिया जितकी झटक्याची, तितकी तिची लहर ओबडधोबड. आणि ओबडधोबड लहर म्हणजे अनेक शुद्ध सुरांची बेरीज, हें गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मांडलें आहे. समजा, ही क्रिया सेकंदाला ६५ हजार वेळां, म्हणजे ६५ किलोहर्ट्झला घडते. तर १३०, १९५, २६० अशा तिच्या पटींतील सूर आपोआप निर्माण होतात. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ पासून १,६०२ किलोहर्ट्झपर्यंत आहे. त्यांत नवव्या पटीपासून चोविसाव्या पटीपर्यंतचे तब्बल १६ सूर येऊन बसतात. शिवाय घरच्या विजेची मूळ लय दुप्पट होऊन, म्हणजे सेकंदाला १०० या गतीनें, प्रत्येक सुरावर स्वार होते, आणि भुंग्यासारखी गुरगुर ऐकूं येते ती यामुळेंच.

संगणकासारख्या उपकरणांत आणखी एक उगमस्थान असतें. त्यांतील सर्व व्यवहार एका स्फटिकाच्या ठोक्यावर चालतो. हा ठोका २० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन कोटि वेळांचा असला, तर त्याची पांचवी पट १०० मेगाहर्ट्झवर येते. अहिल्यानगरच्या आकाशवाणीचें स्थान १००·१ मेगाहर्ट्झ! म्हणजे ज्या अभियंत्यानें २० हा आंकडा केवळ सोईचा म्हणून निवडला, त्यानें नकळत नगरच्या आकाशवाणीच्या उंबरठ्यावर आपला ढोल ठेवला. चौकोनी लहरींत एक, तीन, पांच अशा विषम पटी विशेष बलवान असतात, म्हणून पांचवी पट उपेक्षणीय नसते. आराखड्याच्या पहिल्याच दिवशीं कागदावर अशा पटींची यादी करून आसपासच्या केंद्रांशीं ताडून पाहणें, हा या शास्त्राचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आतां सर्किट बोर्ड बोलतो कसा तें पाहूं जातां एक गोष्ट ध्यानीं येते. प्रवाह केव्हांहि एकटा जात नाहीं. जितका जातो तितका परत येतो. पाटानें शेतांत गेलेलें पाणी मुरून जातें, विजेस ती सवलत नाहीं. जाण्याची वाट आणि येण्याची वाट मिळून एक वेटोळें होतें, आणि हें वेटोळेंच अँटेना बनतें. त्याचें क्षेत्रफळ जितकें अधिक, प्रवाह जितका अधिक, तितका कोलाहल त्याच प्रमाणांत अधिक. आणि कंपनसंख्या दुप्पट झाली तर कोलाहल चौपट. ढोबळ हिशेब असा. बोर्डावर १० सेंटीमीटर लांबीची एक तांब्याची रेघ आहे, तिच्यांत १०० मेगाहर्ट्झचा १० मिलिअँपियर प्रवाह आहे, आणि परतीची रेघ तिच्यापासून एक सेंटीमीटर दूर आहे. वेटोळें १० चौरस सेंटीमीटरांचें झालें. तीन मीटरांवर त्याची क्षेत्रतीव्रता दर मीटरास सुमारें ८८० मायक्रोव्होल्ट भरते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें घरगुती उपकरणास या ठिकाणीं मर्यादा आहे १५० मायक्रोव्होल्टांची. आतां तोच बोर्ड दोन थरांचा करून खालचा थर सबंध तांब्याचा ठेवला, तर परतीचा प्रवाह आपण होऊन रेघेच्या बरोबर खालून वाहूं लागतो; कारण जलद कंपनाचा प्रवाह कमी लांबीची वाट न पाहतां कमीत कमी वेटोळ्याची वाट धरतो. थरांतील अंतर १·६ मिलिमीटर असल्यास आंकडा १४० पर्यंत उतरतो, म्हणजे जेमतेम मर्यादेच्या आंत. चार थरांच्या बोर्डांत हें अंतर ०·२ मिलिमीटर ठेवतां येतें, आणि आंकडा १८ च्या घरांत येतो. एकहि भाग नवा जोडला नाहीं. केवळ परतीची वाट जवळ आणली.

येथेंच अनेक आराखडे फसतात. तांब्याचा तो सबंध थर पाहून रेखाटणाऱ्यास मोह होतो आणि तो त्यांतून एखादी आडवी रेघ नेण्यासाठीं चीर पाडतो. वरून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. परंतु वरच्या रेघेचा परतीचा प्रवाह त्या चिरेपाशीं अडतो आणि वळसा घालून जातो. पूल पडल्यावर बैलगाडीनें चार कोस फिरून जावें, तसें हें आहे. वळशाबरोबर वेटोळें वाढतें आणि कोलाहलहि.

याहून फसवी गोष्ट बाहेर जाणाऱ्या तारांची. उपकरणास जोडलेली एक मीटर लांबीची तार १०० मेगाहर्ट्झच्या दृष्टीनें उत्तम अँटेना असते, कारण त्या लहरीची लांबीच तीन मीटर. अशा तारेंतून परतीच्या जोडीदारावांचून केवळ ५ मायक्रोअँपियर प्रवाह निसटला, तरी तीन मीटरांवर २१० मायक्रोव्होल्टांची तीव्रता उत्पन्न होते आणि मर्यादा मोडते. वेटोळ्यांतील १० मिलिअँपियर आणि हे ५ मायक्रोअँपियर यांत दोन हजार पटींचा फरक आहे. पेटींतला दोष तारेच्या तोंडून बोलतो, असें या क्षेत्रांतील अनुभवी माणसें म्हणतात तें याचसाठीं.

जें मोजतां येत नाहीं तें आवरतां येत नाहीं. म्हणून मोजण्याच्या रीतीकडे वळलें पाहिजे. हें मोजमाप डेसिबेलमध्यें करतात. एक मायक्रोव्होल्ट हें शून्य धरलें, तर दर २० डेसिबेलांस दहापट आणि दर ६ डेसिबेलांस सुमारें दुप्पट, असा हा जिना आहे. ४० डेसिबेल म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. कोलाहलाच्या वाटा दोन. एक विजेच्या तारेंतून परत घराच्या जाळ्यांत शिरण्याची आणि दुसरी आकाशांतून पसरण्याची. पहिलीचें मोजमाप १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत करतात. त्यासाठीं उपकरण आणि विजेचें जाळें यांच्यामध्यें एक खास पेटी ठेवतात. ती उपकरणास वीज पुरविते, बाहेरचा कोलाहल आंत येऊं देत नाहीं, आणि उपकरणाचा कोलाहल तेवढा ५० ओहमांच्या ठराविक रोधावर मोजावयास देते. घरोघरींच्या विजेच्या जोडणींत फरक असतो. या पेटीमुळें मुंबईत मोजलेला आंकडा आणि बर्लिनमध्यें मोजलेला आंकडा एकाच भाषेंत बोलतात.

दुसरी वाट मोजण्यासाठीं मोकळें मैदान लागे. आतां बहुधा पोलादी पत्र्यांनीं मढविलेली प्रशस्त खोली वापरतात. पत्र्यांमुळें बाहेरचीं नभोवाणी केंद्रें आणि भ्रमणध्वनींचे मनोरे आंत येत नाहींत, तर भिंतींवर आणि छतावर बसविलेल्या फेराइटच्या लाद्या व कोळशानें भारलेले फेसाचे सुळके आंतील लहरींचे पडसाद गिळून टाकतात. जमीन मात्र धातूची ठेवतात, म्हणजे मोकळ्या मैदानाची स्थिति तंतोतंत साधते. लहान उपकरण ८० सेंटीमीटर उंचीच्या लांकडी किंवा तत्सम मेजावर ठेवून फिरत्या चौथऱ्यावर सर्व बाजूंनीं फिरवितात. तीन किंवा दहा मीटरांवर अँटेना असते आणि ती एक मीटरापासून चार मीटरांपर्यंत वरखालीं नेतात, एकदां आडवी आणि एकदां उभी धरून. कोणत्या दिशेनें, कोणत्या उंचीवर कोलाहल सर्वांत मोठा आहे तें शोधून तोच आंकडा लिहावयाचा, असा दंडक आहे. आरोपीस आपली बरी बाजू पुढें करण्याची मुभा येथें नाहीं.

या मोजमापांत एक मनोरंजक बारकावा आहे. मिनिटास एखाद्या वेळीं येणारी टिचकी आणि अखंड चालणारी खरखर यांची उंची एकच असली, तरी श्रोत्यास होणारा त्रास सारखा नसतो. म्हणून सिस्परनें असें मोजमाप ठरविलें कीं ज्याची सुई झटकन् चढते आणि सावकाश उतरते. ३० मेगाहर्ट्झच्या खालील पट्ट्यांत चढण्याचा काल एक सहस्रांश सेकंद, तर उतरण्याचा १६० सहस्रांश सेकंद. विरळ टिचक्यांच्या मधल्या वेळांत सुई खालीं येते आणि आंकडा कमी भरतो. अखंड खरखरींत ती वरच राहते. माणसाच्या कानाचा कंटाळा असा यंत्रांत उतरविलेला आहे, आणि संगणकांच्या या युगांतहि घरगुती उपकरणांचा न्याय मुख्यतः याच मापानें होतो.

या विद्येशीं नगरचा संबंध जवळचा आहे. शहराजवळील वाहननगर येथें संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. मोटारवाहन नियमांनुसार वाहनांची परीक्षा घेण्याचा अधिकार असलेल्या देशांतील संस्थांपैकीं ती एक. आणि राष्ट्रीय वाहन-परीक्षण प्रकल्पाखालीं तिच्याकडे सोंपविलेल्या विषयांत विद्युच्चुंबकीय परीक्षण हा एक प्रमुख विषय आहे. पुण्याची ए.आर.ए.आय. ही संस्थाहि असें परीक्षण करते. वाहनांसाठीं ए.आय.एस. ००४ हें भारतीय मानक आहे. वाहनानें किती कोलाहल करावा आणि बाहेरचा किती सोसावा, या दोन्ही गोष्टी त्यांत येतात. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. आजच्या मोटारींत इंजिन, ब्रेक आणि अपघातांत फुगणारी हवेची पिशवी हीं सर्व सर्किट बोर्डांच्या हुकमतींत असतात. रेडिओ खरखरला तर गाणें बिघडतें. ब्रेकच्या बोर्डास भलताच संदेश ऐकूं आला तर प्राणाशीं गांठ पडते.

लष्करी वाहनांची कसोटी याहून कडक. नगरला चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे आणि तेथील रणगाड्यांचें संग्रहालय अनेकांनीं पाहिलेलें असेल. रणगाड्यांत बिनतारी यंत्र आणि इतर शेंकडों विद्युत्-उपकरणें हातभर अंतरावर नांदतात. उपकरणांच्या कोलाहलानें बिनतारी यंत्र बहिरें झालें, तर चिलखत कितीहि जाड असलें तरी आंतील माणसें एकाकी पडतात. अशा सामग्रीसाठीं १९६७ सालीं प्रथम निघालेलें अमेरिकेचें ४६१ क्रमांकाचें लष्करी मानक बहुतेक देश आधारास घेतात; त्यांत अँटेना उपकरणापासून अवघ्या एक मीटरावर ठेवून मोजणी करतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींनीं तर नवाच पेंच उभा केला आहे. त्यांतील बलाढ्य प्रवाह क्षणोक्षणीं चालू-बंद होत असतो. परदेशांतील कांहीं कारखानदारांनीं कोलाहल आवरण्याचा खर्च टाळून अशा मोटारींतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला! रोग हटत नाहीं म्हणून रोग्याचे कान बंद करावे, अशा जातीचा हा उपचार आहे.

सावेडीच्या पुढें नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतींतील एखाद्या लघुउद्योजकाच्या दृष्टीनें हा सर्व विषय म्हणजे पोटाचा प्रश्न आहे. युरोपांत १ जानेवारी १९९६ पासून या कसोटींत न उतरलेल्या उपकरणांस बाजार बंद झाला; अमेरिकेनें संगणकांसाठीं असे नियम १९७९ सालींच केले होते. समजा, त्यानें एक नियंत्रक बनविला, सांचे केले, माल भरला आणि शेवटीं नमुना परीक्षणगृहांत पाठविला. तेथें एका कंपनसंख्येवर तो मर्यादेच्या ८ डेसिबेल वर गेला, तर बोर्ड पुन्हां आंखणें, पुन्हां छापणें आणि पुन्हां परीक्षणाचें शुल्क भरणें, असा तिहेरी दंड बसतो. ऑर्डर निसटली तर तें नुकसान वेगळेंच. हाच दोष आराखड्याच्या कागदावर सांपडला असता तर एक रेघ सरकविण्यावर भागलें असतें. म्हणून परीक्षणगृहांत जाण्यापूर्वीं घरच्या मेजावर चाचपणी करण्याची संवय शहाणे अभियंते लावून घेतात. टीव्हीच्या केबलसारख्या तारेच्या टोंकाशीं बोटाएवढें वेटोळें वळवून तें स्पेक्ट्रम ॲनालायझरला जोडलें, कीं बोर्डावरून फिरवितांना कोणता भाग ओरडतो तें कळतें; वैद्य नळी लावून छाती तपासतो, तसेंच हें. बाहेर जाणाऱ्या तारेभोंवतीं प्रवाह मोजणारी कडी अडकवून वर सांगितलेले मायक्रोअँपियर मोजतां येतात. कांहींच साधन नसेल तर खिशांतील मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मध्यें लावून जवळ नेला तरी वीजपुरवठ्याचा कोलाहल ऐकूं येतो. या मोजण्या अंतिम न्यायाच्या नव्हेत. परंतु काल केलेल्या बदलानें आज कोलाहल वाढला कीं उतरला, एवढें त्या प्रामाणिकपणें सांगतात.

उपायांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम उगम, मग वाट, आणि सर्वांत शेवटीं पांघरूण. उगमाशीं करावयाच्या उपायांत पहिला म्हणजे घाई कमी करणें. लहर एक नॅनोसेकंदांत चढत असेल तर तिचे बलवान सूर सुमारें ३२० मेगाहर्ट्झपर्यंत पोंचतात. तीच पांच नॅनोसेकंदांत चढूं दिली तर ६४ मेगाहर्ट्झच्या पुढें ते झपाट्यानें ओसरतात. ठोक्याच्या रेघेंत उगमाशींच तीस-चाळीस ओहमांचा एक लहानसा रोध घातला तर हा परिणाम बऱ्याच अंशीं साधतो. कामास लागते त्याहून अधिक घाई करणारा भाग निवडणें म्हणजे कोलाहल विकत घेणें होय. दुसरा उपाय प्रत्येक आय.सी.च्या जवळ ०·१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविण्याचा. आय.सी.ला क्षणाक्षणास विजेचा घोट लागतो. तो दूरच्या पुरवठ्याकडून मागविला तर वेटोळें मोठें होतें, जवळच्या माठांतून घेतला तर लहान राहतें. पण माठ जवळ पाहिजे. तांब्याच्या रेघेस दर मिलिमीटरास सुमारें एक नॅनोहेन्री प्रवर्तन असतें. कपॅसिटर एक सेंटीमीटर दूर गेला तर १०० मेगाहर्ट्झला सहा ओहमांचा अडसर उभा राहतो आणि कपॅसिटर असून नसल्यासारखा होतो. चालू-बंद करणाऱ्या वीजपुरवठ्यांत ट्रान्झिस्टर, डायोड आणि कपॅसिटर यांचें वेटोळें शक्य तितकें आंखूड ठेवणें, हा त्याच तत्त्वाचा तिसरा प्रयोग.

वाटेवरील उपाय म्हणजे गाळणी. विजेच्या दोन्ही तारा एका फेराइटच्या कड्यावर गुंडाळल्या, कीं जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांस निरस्त करतात आणि अडथळा होत नाहीं; जोडीदारावांचून निसटणारा कोलाहल मात्र त्यांत अडकतो. संगणकाच्या तारांवर जें जाड काळें मणगट दिसतें, तें हेंच. जोडीला तारांच्या मध्यें आणि तारांपासून भूमीकडे कपॅसिटर देतात. भूमीकडील कपॅसिटर मात्र लहानच ठेवावा लागतो, कारण त्यांतून झिरपणारा प्रवाह पेटीस हात लावणाऱ्या माणसापर्यंत पोंचूं शकतो. स्वस्त दिव्यांत काटकसरीची कात्री प्रथम पडते ती या गाळणीवरच. दिवा तिच्यावांचूनहि लागतो, म्हणून गिऱ्हाइकास उणीव दिसत नाहीं.

शेवटचें पांघरूण म्हणजे धातूची पेटी. तिच्यावर भिस्त ठेवणारे बहुधा फसतात, कारण पेटीचें सामर्थ्य तिच्या पत्र्यांत नसून तिच्या फटींत ठरतें. झांकणाशीं राहिलेली १५ सेंटीमीटरांची केसाएवढी फट १,००० मेगाहर्ट्झला उघडा दरवाजाच असते, कारण त्या लहरीची ती अर्धी लांबी आहे. तेवढीच हवा जाऊं देणारीं अनेक बारीक भोकें मात्र कोलाहलास अडवितात. आणि पेटींतून एक तार गाळणीवांचून बाहेर काढली कीं सर्व बंदोबस्त फुकट. आणखी एक युक्ति प्रचारांत आहे. ठोक्याची गति मुद्दाम किंचित् हालती ठेवून त्याचा सूर आजूबाजूस पसरवितात. त्यामुळें कोणत्याहि एका ठिकाणचा आंकडा उतरतो आणि परीक्षा पार पडते. परंतु एकंदर शक्ति तीच राहते. केर झाडून टाकण्याऐवजीं तो खोलीभर पातळ पसरावा, तशांतला हा प्रकार. तिचा उपयोग जरूर करावा, पण तिला स्वच्छता समजूं नये.

हा सर्व खटाटोप कोणासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें एक उत्तर नगर जिल्ह्याच्या वेशीवरच उभें आहे. पारनेर तालुक्यास लागून असलेल्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवजवळ खोडद येथें जी.एम.आर.टी. ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ती उभारली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. ही जागा निवडण्याच्या कारणांत येथें माणसांनीं केलेला विद्युत्-कोलाहल कमी होता, हें एक महत्त्वाचें कारण होतें. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी किती क्षीण असतात, याची कल्पना त्यांच्या मापावरून येईल. हें माप जान्स्कीच्याच नांवानें ओळखतात. एकावर सव्वीस शून्यें देऊन होणाऱ्या संख्येनें एक वॅटला भागावें, इतकी शक्ति दर चौरस मीटरास आणि दर हर्ट्झास आली म्हणजे एक जान्स्की झाला, आणि खगोलशास्त्रज्ञांस त्याच्याहि सहस्रांशाशीं काम पडतें. अशा कुजबुजीपुढें एखाद्या खांबावरील सैल तारेची ठिणगीहि मेघगर्जनेसारखी. दुर्बिणीचीं स्वतःचीं संगणकयंत्रेंसुद्धां धातूनें मढविलेल्या खोल्यांत बंद ठेवावीं लागतात. ऐकणाऱ्यानेंच प्रथम मौन पाळावें लागतें. २०२३ सालीं स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून विश्वांतील अतिसंथ गुरुत्वलहरींची चाहूल लागल्याचें जगांतील अनेक गटांनीं जाहीर केलें, तेव्हां भारतीय गटाचीं निरीक्षणें याच दुर्बिणीनें घेतलेलीं होतीं.

नागरिकांच्या हातींहि कांहीं आहे. घरांत रेडिओ खरखरूं लागला तर एकेक दिवा आणि एकेक चार्जर बंद करून पाहावा. बहुधा दोषी उपकरण पांच मिनिटांत सांपडतें. घरचीं सर्व उपकरणें बंद करूनहि खरखर थांबली नाहीं, तर उगम बाहेर आहे असें समजावें. विजेच्या खांबावरील सैल जोड हें त्याचें नेहमींचें कारण असून तो धोक्याचाहि असतो, म्हणून वीज कंपनीस कळविलें पाहिजे. उपकरण विकत घेतांना विजेच्या धक्क्यापासून सुरक्षित असणें आणि कोलाहलापासून मुक्त असणें या दोन भिन्न कसोट्या आहेत, हें लक्षांत ठेवून दुसरीविषयीं विचारणा करावी. गिऱ्हाईक विचारूं लागलें म्हणजे दुकानदार कारखानदारास विचारील, आणि गाळणीवर पडणारी कात्री थांबेल.

नदीचें पाणी सर्वांचें म्हणून वरच्या गांवानें त्यांत घाण सोडूं नये, हा न्याय आपल्याकडे जुना आहे. आकाशांतील लहरींचा पट्टाहि असाच सर्वांचा आहे. त्यांतच आकाशवाणी बोलते, रुग्णवाहिकेचा निरोप जातो, विमान उतरण्याची दिशा घेतें आणि दूरच्या ताऱ्याची कुजबुज खोडदला पोंचते. हा पट्टा वाढवितां येत नाहीं. तो फक्त स्वच्छ ठेवतां येतो. आणि तो स्वच्छ ठेवण्याचें काम मोठ्या कायद्यांनीं जितकें होईल, तितकेंच बोर्डावर रेघ आंखतांना तिच्या परतीच्या वाटेचा विचार करणाऱ्या अभियंत्याच्या हातून होईल.